आणखीबाईचं पातेलं

"आणखी वाढ!" हे ती इतक्या मोठ्याने म्हणायची की कँटीनच्या दुसऱ्या टोकाला बसलेले मोल्डिंग खात्यातले पुरुषही वळून बघायचे. चार लोकांत दुसऱ्यांदा मागायची वेळ आली की बाईमाणूस आवाज खाली आणतं, वाटी जराशी पुढे सरकवतं, नाहीतर नुसतं वाढणाऱ्याकडे बघतं. ही यातलं काही करायची नाही. ताट सरळ उचलून धरायची आणि म्हणायची, "आणखी." तिचं नाव इंदू. कंपनीत मात्र सगळ्यांच्या तोंडी आणखीबाई. मी तिच्या शेजारी बसायचे, त्यामुळे लोक वळून बघायचे तेव्हा त्यांना मीही दिसायचे. ते मला आवडायचं नाही.

आमची कंपनी अंबरनाथला, मोरिवली गावाच्या अंगाला. औषधाच्या बाटल्यांची प्लॅस्टिकची बुचं बनवते. आम्ही बायका निवडणी खात्यात, ठेकेदाराकडून लागलेल्या. मशीनमधून आलेली बुचं ट्रेमध्ये ओतायची आणि वाकडी, चिरलेली, कड राहिलेली बाजूला काढायची. मी बदलापूरची, कात्रपला राहते. आम्ही बदलापूरच्या बायका कंपनीच्या बसने यायचो. आणखीबाई उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून, बदलत बदलत शेअर रिक्षांनी. तिच्या चाळीत निम्मी बिऱ्हाडं सिंधी. त्यांचं ऐकून तिला भेटेल त्या बाईला 'अदी' म्हणायची सवय लागली होती. अदी म्हणजे ताई. स्वतःपेक्षा वीस वर्षांनी लहान मुलीलाही अदी. आम्ही मात्र तिला कधी ताई म्हटलं नाही. आमच्यातल्या सुनंदाताईंना सगळ्या अहो-जाहो करायच्या आणि हिला अगं-तुगं. वयाने ही मोठी होती. असं का, हे मला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, तिचा स्वभावच तसा आहे, मोकळा.

कंपनीच्या जुन्या मालकाने बऱ्याच सवलती सुरू केल्या होत्या. दुपारचं जेवण, बस, महिन्याला अंगाचा साबण, आमच्यासारख्या धुळीच्या खात्यांना गूळ, पावसाळ्याआधी छत्री. आमच्यातल्या बऱ्याच जणी यातलं निम्मं घ्यायच्याच नाहीत. साबणाचा वास आवडत नाही, गुळात खडे असतात, छत्री काळी असते. आणखीबाई सगळं घ्यायची. कुणी घेतलं नसेल तर त्या बाईला हाताला धरून स्टोअरच्या खिडकीशी न्यायची. "चल अदी, तुझा साबण घे. वापरू नको पाहिजे तर. कुत्र्याला लाव. पण घे." स्टोअरवाला वैतागायचा. "अहो, त्यांना नकोय, तुम्हाला काय त्रास?" ती म्हणायची, "आज तिला नको. उद्या तू म्हणशील कुणालाच नको." हे तिचं एक ठाम मत होतं. घेतलं नाही की वरच्यांना वाटतं, लागत नाही. मग ते बंद होतं.

हे ती कुठे शिकली तेही तिने एकदा सांगितलं. आमच्याकडे यायच्या आधी ती कॅम्पातल्या एका जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला होती. तिथे सुरुवातीला दुपारचा चहा मिळायचा. बायका लाजून म्हणायच्या, नको शेठ, आम्ही घरून पिऊन आलो. असं काही दिवस चाललं. मग चहा पुरुषांपुरताच यायला लागला. मग त्यांचाही गेला. "शेठ वाईट नव्हता," ती म्हणाली. "आम्हीच नको म्हटलं. त्याने ऐकलं." हे सांगताना ती हसत होती, पण ट्रेमधली चांगली बुचंसुद्धा वाकड्यांच्या ढिगात टाकत होती.

कँटीनमध्ये आमच्या टेबलाला ती वाढायची. खरं तर वाढायची पाळी होती, आठवड्याला एकीची. पण आमच्या पाळीला आम्ही रेंगाळायचो आणि तोवर ही पळी घेऊन उभी असायची. तिचं स्वतःचं ताट मात्र स्वयंपाकी गणपत वाढायचा. तो मूळचा चिपळूणकडचा, तिला घाबरून असायचा. "बाई, रात्रपाळीच्या पोरांना राहू द्या थोडं," तो म्हणायचा. "त्यांचं वेगळं कर. दुपारचं पातेलं रिकामं गेलं पाहिजे. उरलेलं वर दिसतं, गणपत." वर म्हणजे ऑफिसात. ऑफिसच्या जिन्यावरून कँटीनची मोरी दिसायची आणि मॅनेजरसाहेब हात धुवायला तिथेच यायचे. तिच्या त्या आणखी-आणखीमागे हा हिशेब होता. अर्थात तिला भूकही लागायची, हेही खरं. घरी नवरा आजारी, पाणी यायची वेळ बेभरवशाची. सकाळी ती चहावर निघायची. हे दुपारचं जेवण म्हणजे तिचं दिवसभराचं बसून केलेलं एकमेव जेवण होतं. ती ते लपवायची नाही.

मग आमच्या टेबलावर डबे यायला लागले. सुरुवात सुनंदाताईंनी केली. कँटीनच्या भाजीत तेल फार, त्यांना पित्त होतं. त्यांचं बघून दुसरीने आणला. मग बदलापूरच्या बसमधल्या आम्ही सगळ्याच आणायला लागलो. घरचं ते घरचं, असं म्हणायला सोपं होतं. आम्ही कँटीनमध्ये बसायचो, पाणी तिथलं प्यायचो, लोणचं घ्यायचो, आणि पातेल्यातल्या भाजीला हात लावायचो नाही. आणखीबाई पळी घेऊन मागे उभी राहायची. "थोडीशी? चवीला?" "नको गं, डबाच खूप आहे."

यामागे आणखी एक कारण होतं का, हे आम्ही कधी बोललो नाही. आम्ही जात विचारत नाही असं अभिमानाने सांगणाऱ्यांपैकी आहोत. विचारावी लागत नाही. आडनाव असतं, वस्ती असते, चौदा एप्रिलची रजा असते. मोरिवली नाक्यावरच्या गाडीवर वडापाव खाताना, तो तळणारा कोण, कुठला, हे आम्ही कुणी कधी पाहिलं नाही. पातेलं मात्र दिसायचं, पळी दिसायची आणि पळी धरलेला हात दिसायचा.

एक दिवस टाइम ऑफिसच्या बाहेर फळ्यावर कागद लागला. पुढच्या महिन्यापासून कँटीनचं जेवण बंद, त्याऐवजी दोन वेळा चहा-बिस्कीट. कंपनीचा नवा मालक म्हणजे जुन्या मालकाचा मुलगा. त्याचं म्हणणं, जेवण फुकट जातंय. रात्रपाळीची मुलं भडकली, मोल्डिंगचे पुरुष भडकले आणि गंमत म्हणजे आमचं टेबलही भडकलं. "इतक्या वर्षांचं आहे, असं कसं बंद करतात?" सुनंदाताई म्हणाल्या. डब्याचं झाकण त्यांच्या हातात होतं.

आणखीबाईने त्या दिवशी वाद घातला नाही. तिने कॅम्पातल्या एका कामगार सल्लागाराचा पत्ता आणला. जुने सिंधी गृहस्थ, सगळे त्यांना साईं म्हणायचे, दुकानाच्या पोटमाळ्यावर बसायचे. शनिवारी पाळी सुटल्यावर मी आणि ती गेलो. मी का, तर मला लिहिता-बोलता येतं म्हणून. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि स्वच्छ मराठीत सांगितलं, "बरीच वर्षं चालत आलेली सोय अशी फळ्यावर कागद लावून काढता येत नाही. आधी कामगारांना रीतसर नोटीस द्यावी लागते, तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून लेखी हरकत घ्या. बोलणी होतील. नाही झाली तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार. रस्ते आहेत." आणखीबाईने माझ्या मांडीवर थाप मारली. मग त्यांनी चष्मा काढला. "फक्त एक सांगा. ते पहिला प्रश्न हाच विचारतील. जेवत कोण होतं?"

आणखीबाई म्हणाली, "मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पोटमाळ्याच्या खिडकीतून खाली बघायला लागले. खाली एक माणूस टेम्पोत जीन्सचे गठ्ठे टाकत होता. तो माझ्या चांगला लक्षात आहे.

सोमवारी आम्ही पाच-सहा जणी मॅनेजरसाहेबांकडे गेलो. नोटिशीचं नाव काढल्यावर साहेब जरा नरमले. खुर्च्या मागवल्या. माणूस हुशार होता, आवाज चढवायचा नाही. त्यांनी सुनंदाताईंना विचारलं, "ताई, काल कँटीनला भाजी कसली होती?"

काल रविवार होता हे सांगायचंही कुणाला सुचलं नाही. साहेबांच्याच लक्षात आलं. "सॉरी, शनिवारी. शनिवारी कसली होती?"

सुनंदाताई पदराचं टोक बघायला लागल्या. दुसरीने तिसरीकडे बघितलं. आम्ही सगळ्या त्याच टेबलावर, त्याच पातेल्याशेजारी बसलो होतो, आणि एकीलाही माहीत नव्हतं.

"दुधी," आणखीबाई म्हणाली. "मीठ कमी होतं."

"तुम्हाला माहीत असणारच इंदूबाई. मी यांना विचारतोय."

"यांनी पण खाल्ली ना साहेब. सगळ्यांनी खाल्ली. मैंनेच तो वाढली. या लाजतात बोलायला."

ती साहेबांशी बोलताना हिंदी मिसळायची आणि ताठ बसायची. पण एवढं बोलून झाल्यावर तिची मान खाली गेली. साबण मागताना, गूळ मागताना, भर कँटीनमध्ये ताट उचलून धरताना जिला कधी ओशाळलेलं पाहिलं नव्हतं, ती तिथे आमच्यासाठी खोटं बोलली आणि आपल्या चपलांकडे बघत बसली. साहेबांना ते खोटं आहे हे माहीत होतं. तिलाही माहीत होतं की त्यांना माहीत आहे. आम्ही खुर्चीत बसून होतो.

साहेब म्हणाले, "ठीक आहे. आपण असं करू. कागद मी काढायला लावतो. पुढच्या सोमवारपासून महिनाभर बघू. सगळ्यांनी कँटीनमध्ये जेवा. पातेली रिकामी आली तर मी स्वतः वर सांगतो की लोकांना जेवण पाहिजे. नाही आली तर मग मला काही बोलू नका." आम्ही सगळ्या एका सुरात हो म्हणालो. आणखीबाई तर उठून उभीच राहिली. जिन्यात तिने मला घट्ट धरलं. "झालं अदी! आता फक्त खायचंय. खाण्याइतकं सोपं काम कंपनीने आजवर दिलंय का कधी?"

त्याच आठवड्यात दिव्याची अवस आली. संध्याकाळी घरी गेले तर सासूबाई समया घासून पाटावर मांडत होत्या आणि देवघराच्या भिंतीला जिवतीचा कागद डकवलेला होता. मी दारातच थांबले. पुढच्या सोमवारपासून महिनाभर म्हणजे पहिल्या श्रावणी सोमवारपासून अख्खा श्रावण. सोमवारचे उपास, शनिवारचे उपास, मधल्या वारी कांदा-लसूण नाही. नेमका हाच महिना आम्ही कँटीनची पातेली रिकामी करायला मागून घेतला होता.

सकाळी बसमध्ये मी सुनंदाताईंना म्हटलं, "अहो, सोमवारपासून श्रावण आहे."

"हो ना."

"तुमच्या लक्षात आलं होतं? साहेबांसमोर?"

"आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"आपल्या सणावारांचं त्या माणसासमोर काय बोलायचं? आणि तू तरी कुठे बोललीस?"

माझ्या लक्षात आलं नव्हतं, हे खरं. पण बसमधल्या बाकीच्यांकडे बघितलं तर एकेक बाई खिडकीबाहेर बघत होती. सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. फक्त जिला श्रावण नव्हता तिच्या लक्षात आलं नव्हतं, आणि तिला सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मी सांगितलं. वाटलं, चिडेल. तिने ट्रे खाली ठेवला. "आमच्यात नाही ते उपास-बिपास. आमच्या सासऱ्याने सगळे देव नदीत सोडले होते. मला कसं कळणार?" मग जरा विचार करून म्हणाली, "उपासाला खाता काय तुम्ही?"

"साबुदाण्याची खिचडी. शेंगदाण्याची आमटी. वरी."

"म्हणजे खाता ना! मी म्हटलं उपाशी राहता. मग खिचडी मागू." आणि खरंच गेली. साहेबांकडे, एकटी. साहेब हसले असणार, पण हो म्हणाले. मग ती गणपतच्या मागे लागली. साबुदाणा रात्रीच भिजव, मिरची बेताची, जिरं टाक, तेल नको, तूप. वाण्याच्या दुकानात शेंगदाणा जुना नाही ना, हे बघायला ती स्वतः अंबरनाथच्या बाजारात गेली. जिने आयुष्यात श्रावणी सोमवार धरला नाही ती बाई आमच्या उपासाची तयारी करत होती. आम्ही तिला सूचना देत होतो. एक म्हणाली, कँटीनच्या पातेल्यांना कांद्याचा वास असतो गं. आणखीबाईने तेही केलं. स्टोअरमधून नवं पातेलं काढायला लावलं, न वापरलेलं, मोठं, जाड बुडाचं.

सोमवार आला. आम्ही टेबलावर बसलो. मधोमध ते नवं पातेलं, वाफ येत होती. आणखीबाई नेहमीसारखी पळी घेऊन उभी नव्हती. ती दोन पावलं मागे होती, हात पाठीमागे बांधलेले. पळी पातेल्यात, तिचा दांडा आमच्याकडे केलेला.

"नवं पातेलं आहे," ती म्हणाली. "गणपतने केलंय सगळं. मी हात नाही लावला, अदी. कशालाच. विचार त्याला. वाढायला सुनंदाताई वाढतील."

हे ऐकल्यावर मला कळलं की तिला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. पित्त, तेल, घरचं ते घरचं, यातलं तिने कधीच काही खरं मानलं नव्हतं. ती नुसती पळी घेऊन उभी राहत होती आणि "चवीला?" म्हणून विचारत होती.

सुनंदाताई उठल्या नाहीत. कुणीच उठलं नाही. मग कुणीतरी, कोण ते मी पाहिलं नाही, पिशवीची चेन उघडली. मग दुसरीने. झाकणांचे आवाज झाले. डब्यांतून निघाली ती साबुदाण्याची खिचडी. प्रत्येकीच्या. वरून खोबरं-कोथिंबीर पेरलेली, गार झालेली, गोळा झालेली. मधे गरम खिचडीचं पातेलं आणि भोवती डब्यांतली खिचडी. बायका ती चमच्याने फोडून खात होत्या.

आणखीबाईने बघितलं. "खिचडीच आणली?" एवढंच म्हणाली. तो प्रश्नही नव्हता. मग तिने आपलं ताट घेतलं, स्वतः वाढून घेतलं आणि टेबलाच्या टोकाला जाऊन बसली. खाल्लं. उठली, पुन्हा वाढून घेतलं. त्या दिवशी तिने "आणखी" कुणाला म्हणायचं?

माझा डबा पिशवीत होता. तो मी बाहेर काढला नव्हता, याचं फार कौतुक नको. मी ताट घेऊन पातेल्याशी गेले, एक पळी घेतली आणि तिच्यासमोर बसले. खिचडी चांगली होती, मोकळी झाली होती. तिने माझ्या ताटाकडे बघितलं. "आणखी?" तिने हळू विचारलं. तिच्या तोंडून तो शब्द इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. मला भूक होती. पण टेबलावरचे बाकीचे चमचे थांबले होते, ते मला न बघताच कळत होतं.

"नको," मी म्हटलं. "पुरे."

पातेलं जवळजवळ भरलेलंच मोरीकडे गेलं. साहेब हात धुवत होते.

पुढचं सांगण्यासारखं थोडंच आहे. महिना संपल्यावर या वेळी नोटीस रीतसर निघाली. हरकतीचा अर्ज आणखीबाईने लिहवून आणला. सही करायला कुणी नाही म्हणालं नाही. एकीला पेन सापडत नव्हतं, एकीला घरी विचारायचं होतं, सुनंदाताईंना सगळ्यांनी केल्यावर करायची होती. मी केली. तिची, माझी आणि रात्रपाळीच्या काही मुलांची, एवढ्यावर तो अर्ज कुठे जाणार होता? जेवण बंद झालं. चहा-बिस्कीट सुरू झालं. चहावाला आला की कँटीनभर आवाज यायचा, "ए, एवढ्याशा बिस्किटांनी काय होतं? आणखी दे." तेवढ्या बाबतीत ती बदलली नव्हती.

त्यानंतर जेवायची सुट्टी झाली की जी ती आपापला डबा घेऊन आपल्या माणसांत बसायला लागली. बदलापूरच्या एकीकडे, मोरिवलीच्या एकीकडे, कॅम्पातल्या एकीकडे. पूर्वी एका पातेल्याभोवती निदान बसत तरी होतो.

दिवाळीनंतर निवडणी खात्याचा ठेकेदार बदलला आणि नव्याने तिला घेतलं नाही. गुडघे दुखतात म्हणे, उभं राहता येत नाही. शेवटच्या दिवशी तिने स्टोअरच्या खिडकीशी उभं राहून आपला त्या महिन्याचा साबण घेतला, गूळ घेतला. मग साहेबांकडे जाऊन म्हणाली, "ते नवं पातेलं पडून आहे. मला द्या." साहेबांनी दिलं. त्यांनाही तेवढ्यावर सुटायचं असावं. ती ते डोक्यावर पालथं घेऊन, पदर खोचून, मोरिवलीच्या रस्त्याने रिक्षापर्यंत चालत गेली. सुनंदाताई म्हणाल्या, "बाई गं, काय हे! लोक काय म्हणतील?" आम्ही हसलो. मीही हसले.

हे सगळं आत्ता लिहायला बसले त्याचं कारण आमची बस. बदलापूरची बस बंद करायचा कागद यंदा फळ्यावर लागला. मी आता निवडणीची सुपरवायझर. मुली माझ्याकडे आल्या, "मॅडम, काय करायचं?" मला एकच माणूस आठवलं. पाळी सुटल्यावर सरळ कॅम्प पाच गाठलं. घर सापडायला वेळ लागला नाही, जीन्सच्या कारखान्यात विचारलं तर एका पोराने लगेच दाखवलं. "खानावळवाली मावशी ना?"

ती ओट्यावर बसून लसूण सोलत होती. केस पांढरे झालेले, नवरा गेलेला. गल्लीतल्या शिलाईवाल्या पोरांना आणि बायांना ती दुपारचं जेवण घालते. "कशा आहात?" मी विचारलं.

"आहात? माझ्या मागे कोण उभं आहे का गं?" तिने खरंच मागे वळून बघितलं आणि खदखदून हसली. मला हसायला जमलं नाही.

मी बसचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि लसणाची पाकळी हातात धरून विचारलं, "बसतात का बसमध्ये?"

मी सांगितलं, निम्म्या. बाकीच्या आता स्कूटीने येतात. बसला उशीर होतो, बसमध्ये गर्दी, शिवाय प्रत्येकीला आपापल्या वेळेला निघायचं असतं.

"मग आधी बसायला लाव. सगळ्यांना, रोज. उभ्याने आल्या तरी चालेल. अर्ज नंतर. त्या पोटमाळ्यावरच्या साईंचा मुलगा बसतो आता, त्याच्याकडे जा. पण त्याने विचारलं तर तुझ्याकडे उत्तर पाहिजे." मला तिने त्या भरल्या पातेल्याची आठवण करून दिली असं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तो चेहरा मी जरा शोधूनच बघितला.

मग म्हणाली, "चहा टाकते. जेवून आली असशील."

मी जेवले नव्हते. डबा सकाळी घरी विसरला होता, आणि दारात आल्यापासून फोडणीचा वास येत होता. "नाही जेवले," मी म्हटलं. आणि तिच्याकडून जे शिकायचं राहिलं होतं ते एकदाचं म्हटलं, "वाढ मला."

ती लसूण सोलायची थांबली. मोरीकडे मान वळवून तिने दाखवलं. ते पातेलं तिथे पालथं घातलेलं होतं, घासलेलं, पाणी निथळत होतं. कडा काळ्या पडल्या होत्या, एका बाजूला पोचा आला होता, पण मी ओळखलं.

"संपलं अदी. रोज संपतं. आल्या आल्या मागायचं होतंस."

तिने चहा केला आणि बशीत बिस्किटं ठेवली. मी ती खाल्ली. तिने पुडा पुढे केला, मी आणखी घेतली. निघताना चपला घालताना मी विचारलं, "उद्या येऊ का जेवायला?"

तिने पुन्हा लसूण सोलायला घेतला.

"ये," ती म्हणाली. "पण डबा आणू नकोस."